उत्तनला मेसेज गेला नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ऑफिसमधल्यांना तर नाहीच नाही. मागच्या रविवारी फक्त एकीला सांगितलं — जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिला. इतक्या वर्षांनी. आणि आता तुम्हाला सांगतेय.

एक गोष्ट आधीच बोलून ठेवते. मला सहानुभूती नकोय. ‘जाऊ दे गं, होतं असं कधीकधी’ — हे तर अजिबात नको. असं आपोआप होत नसतं. कुणीतरी करतं तेव्हा होतं.

मी प्रोग्रॅमर आहे. चांगली आहे. हे मी मान खाली घालून वगैरे म्हणणार नाही. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत, शेजाऱ्यांच्या टीव्हीच्या आवाजात अभ्यास केलाय मी. लग्न झाल्यावर भाईंदर पश्चिमेला आलो आणि काशीमीऱ्याला हायवेलगतच्या एका छोट्या कंपनीत मला नोकरी लागली. ऑफिस एका गॅरेजच्या वर. खाली ट्रकांची ठोकाठोक, वर आम्ही मोजकी माणसं. गोदामवाल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो — कुठला माल कुठल्या रॅकवर आहे, कुठली गाडी निघाली, कुठली अडकली. मालक धवल सर. त्यांच्यानंतर मी. म्हणजे तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण होतं तसं.

मग जोविता आली.

उत्तनची मुलगी. भाईंदरच्या कॉलेजातून नुकतीच बी.एस्सी. झालेली. घरची होडी, बाप मासेमारी करणारा. आमच्याशी आमच्यासारखंच बोलायची, पण घरून फोन आला की एकदम वेगळी भाषा — ‘हाय, हाय, मना ठाव हाय.’ फोन ठेवला की परत आमची. मला ताई म्हणायची. हुशार होती. किती? माझ्यापेक्षा. झालं, सांगितलं. हे वाक्य तोंडातून निघायला मला किती वर्षं लागली, तुम्हाला कल्पना नाही.

आमच्या मीटिंगच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता. तो कधी बंद करायचे नाहीत. भिंतीवरचा टीव्ही त्यालाच जोडलेला. गिऱ्हाइकाला काही दाखवायचं तर तिथूनच. जोविताने धवल सरांना विचारून त्यावर स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम लावला होता. कंपनीचा नाही, गावाचा. वाऱ्याचा अंदाज इंटरनेटवर सगळ्यांनाच मिळतो, पण तो अख्ख्या किनाऱ्याचा. आणि मोठ्या मोठ्या शब्दांत. हिचा प्रोग्रॅम दर तासाला तो अंदाज वाचायचा, फक्त उत्तनसमोरच्या पाण्यापुरता बघायचा, आणि वारा ठरलेल्या हद्दीपलीकडे जाणार असला की गावातल्या छोट्या होड्यांच्या मालकांना मेसेज टाकायचा. तिच्याच बोलीत. ‘आज जाव नका. वारा हाय.’ बस. एवढाच.

लोक हसले सुरुवातीला. मग दोन-तीनदा मेसेज खरा निघाला. मग दुपारी होडी काढायच्या आधी लोक फोन बघायला लागले. मेसेज नसला म्हणजे समुद्र बरा आहे — असा अर्थ झाला त्याचा. तिने कधी तसं म्हटलं नव्हतं. पण अर्थ झाला.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल, कंटाळू नका. आम्ही सगळे पायथनमध्ये लिहायचो. पायथन म्हणजे तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम वाचून तो चालवणारी व्यवस्था. ती कॉम्प्युटरवर असली तर तुमचा प्रोग्रॅम जिवंत, नसली तर नुसती अक्षरं. त्याचं जुनं व्हर्जन होतं आणि नवं आलं होतं. जुन्यासाठी लिहिलेलं नव्यावर चालेलच असं नाही, आणि उलटही. जोविताचं मेसेज पाठवायचं उपकरण — सिमकार्ड घातलेलं एक बोटभर डबडं — फक्त जुन्या व्हर्जनशी बोलायचं. माझं गोदामाचं काम सगळं नव्यावर. दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर. धवल सर म्हणायचे, ‘दो सौतन एक घर में.’

पण खरं सांगू? ते भांडत नाहीत. ही दोन व्हर्जनं एका मशीनवर अगदी सुखाने नांदतात. प्रत्येक प्रोग्रॅमला त्याची वेगळी जागा करून द्यायची, त्या जागेत त्याला हवं ते व्हर्जन ठेवायचं — बाहेर कुणाला धक्का लागत नाही. चहा निवेस्तोवर होणारं काम आहे. हे मला येत होतं. नव्या पोरांना मीच शिकवायचे. तेव्हा ‘माहीत नव्हतं’ हे दार बंद. त्या दारातून मी जाणार नाही.

मग का केलं?

एक दिवस एका मोठ्या गोदामाचे मालक आले होते. मी टीव्हीवर माझं काम दाखवायला सुरुवात केली आणि पहिल्याच पानाला सगळं कोसळलं. टीव्हीभर एररची लांबलचक ओळ. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. मालक खुर्चीत रेलून म्हणाले, ‘मॅडम, ये तो खड़ा होने से पहले ही बैठ गया.’ सगळे हसले. तेवढ्यात जोविता मागून वाकली, कीबोर्डवर काहीतरी दोन शब्द मारले आणि चालू झालं. हळूच म्हणाली, ‘ताई, तुमचं नव्यावर लिहिलंय ना, हा कॉम्प्युटर आधी जुनं उचलतो.’ हळूच — पण खोली लहान होती. धवल सर गिऱ्हाइकासमोर मला म्हणाले, ‘देखा? जोविता को पूछ लिया करो.’

ती मदत करत होती. तिच्या आवाजात काडीचाही टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं — मला तिचा राग करायला कारण मिळालं असतं. कारण नव्हतं म्हणून राग गेला असं थोडंच आहे? राग राहिला. नुसता, कारणाशिवाय, आत.

ते मालक पुन्हा यायचे ठरले. दिवाळीच्या आधीचे दिवस. जोविता त्या दिवशी सुट्टीवर — वसईला मावसबहिणीचं लग्न. मी सकाळी मीटिंगच्या खोलीत त्या कॉम्प्युटरसमोर बसले. स्क्रीनच्या कडेला तिने पिवळी चिठ्ठी चिकटवली होती: ‘जुनं काढू नका. घरचं चालतंय. — जोविता.’

ती मी वाचली. ‘लक्षात नव्हतं’ हेही दार बंद करून टाकते.

मी माझ्या प्रोग्रॅमला वेगळी जागा करून देऊ शकत होते. त्याऐवजी मी जुनं व्हर्जन काढायची आज्ञा दिली. कॉम्प्युटर मुकाट्याने काढत नाही हो — तो विचारतो. हे काढलं की याच्या आधारावरचं अमुक-तमुकही जाईल, पुढे जायचं का? यादी समोर आली. त्यात तिच्या उपकरणाचं नाव होतं. मी ते बघितलं. आणि हो म्हटलं.

त्या क्षणी काय वाटलं, विचारा. भीती? अपराधीपणा? नाही. बरं वाटलं. घरात दुसऱ्याची भांडी उचलून बाहेर ठेवताना वाटतं, तसं. माझं घर, माझी जागा. संध्याकाळी परत घालू, असंही मनात होतं म्हणा — पण ते मी आज सांगतेय. तेव्हा ते कितपत खरं होतं, मलाच सांगता येणार नाही. त्यामुळे ते धरू नका.

दुपारी मालक आले. माझं काम लोण्यासारखं चाललं. ते प्रश्न विचारत होते, मी उत्तरं देत होते, धवल सर मान डोलावत होते. आणि मध्येच खाली गॅरेजचा पत्रा वाजायला लागला. आधी थोडा, मग धडाधड. खिडकीतून हायवेची धूळ आत आली. कुणीतरी उठून खिडकी लावली.

मला आठवलं.

हे सगळ्यांत अवघड आहे सांगायला, म्हणून सरळ सांगते. पत्रा वाजला तेव्हा मला आठवलं की उत्तनला मेसेज गेला नसणार. माझा फोन टेबलावर होता. उठून बाहेर जायचं, जोविताला फोन लावायचा — ‘अगं, तुझा प्रोग्रॅम बंद आहे, गावात कळव.’ एवढंच. होड्या किनाऱ्याजवळ असतील तर फोन लागतो. वेळेत पोचलं असतं का? कदाचित नसतं. कदाचित असतं. मी बसून राहिले. कारण मालक म्हणाले होते, ‘अब अगला दिखाइए.’ आणि मी पुढचं दाखवलं.

संध्याकाळी धवल सरांना जोविताचा फोन आला. तिच्या बापाची होडी परत येताना किनाऱ्याजवळच्या खडकावर आपटली होती. होडी फुटली. बरोबरचा गडी पोहत आला. बाप होडी आणि खडकाच्या मध्ये सापडला. पाय दोन ठिकाणी मोडला होता, भाईंदरला दवाखान्यात आणत होते. सगळे सरांच्या टेबलाभोवती जमले. कुणी गाडीची किल्ली शोधत होतं, कुणी पाणी पीत होतं.

मी मीटिंगच्या खोलीत गेले आणि दार लोटलं.

जुनं व्हर्जन परत घातलं. तिच्या उपकरणाचं जे जे गेलं होतं ते सगळं, एकेक करून. एकही आज्ञा चुकली नाही; मी सांगितलं ना, मी चांगली आहे माझ्या कामात. दुपारभर तिचा प्रोग्रॅम दर तासाला उठायला बघत होता आणि पडत होता, त्याची नोंद मशीनमध्ये राहिली होती. ती पुसली. मी काढलं-घातलं त्याच्या खुणाही पुसल्या. मग बाहेर येऊन सगळ्यांबरोबर म्हणाले, ‘अरे देवा, कसं झालं हे?’

दुसऱ्या दिवशी दुपारी जोविता आली. तिकडे दवाखान्यात बापाचं ऑपरेशन चालू होतं, आणि ही इथे आली. तिला मशीन बघायचं होतं. केसात लग्नाच्या पिना तशाच. प्रोग्रॅम चालवला. चालला. खोटे आकडे घालून बघितलं. तिच्या स्वतःच्या फोनवर मेसेज आला: ‘आज जाव नका. वारा हाय.’ तो वाचून तिने माझ्याकडे बघितलं.

‘ताई, चालतंय. बघा ना, चालतंय. मग काल का नाही गेला?’

धवल सर दारातून म्हणाले, ‘वर्जन का कुछ लफड़ा होगा.’ असंच, बोलायचं म्हणून. अख्ख्या ऑफिसात खरं बोललेला तो एकच माणूस, आणि त्यालाही ते माहीत नव्हतं. मी पटकन म्हटलं, ‘नाही सर, दोन्ही व्हर्जनं जागेवर आहेत.’ मग तिच्याकडे वळले. ‘तू परवा त्यात एक ओळ बदलली होतीस ना?’

‘हो. मध्येच येणाऱ्या झोताचा वेग पण धरला. नुसता सरासरी वारा नको म्हणून.’

‘मग तिथेच काहीतरी गेलं असणार.’

‘पण आता टेस्ट केली, ताई…’

‘खोटे आकडे वेगळे, खरी वेळ वेगळी.’

या वाक्याला काही अर्थ नाही. कुठल्याही प्रोग्रॅमरला विचारा, हसेल. जोवितालाही ते एरवी पटलं नसतं. पण ज्या मुलीच्या बापाच्या पायात तेव्हा सळई घालत होते, तिला पटलं. आणि मी ताई होते. तिने मान हलवली. मग ती ओळ उघडून नुसती बघत बसली. बघत बसली. मी तिच्यासाठी चहा मागवला.

तिने प्रोग्रॅम स्वतःच बंद केला. गावात ज्याने विचारलं त्याला सांगितलं, चूक माझी. चर्चबाहेर कुणीकुणी बोललं म्हणे, पोरीच्या खेळापायी माणूस मरता मरता वाचला. तिचा बाप खाटेवरून त्यांना म्हणाला होता, ‘वारा मशीनला इचारून येत न्हाय.’ हे तिनेच मला राजीनामा द्यायला आली तेव्हा सांगितलं. राजीनामा मी थांबवला नाही. ‘विचार कर’सुद्धा म्हटलं नाही. उलट — आणि हेही ऐका — ती गेल्यावर मला ऑफिस मोठं वाटलं.

पुढे काय झालं माझं? काही नाही. कंपनी वाढली, मी वाढले. मला झोप लागते. सणाला पुरणपोळ्या करते, मैत्रिणींबरोबर हसते. तुम्हाला वाटत असेल मी आतून जळत होते, कुढत होते — असं ऐकायला बरं वाटतं लोकांना. नव्हते जळत. विसरलेही नव्हते. पायात काटा राहून गेला की वर कातडी धरते, चालता येतं. तसं.

तुम्ही म्हणाल, मग आत्ताच का? पश्चात्ताप झाला? नाही, राग आला.

गेल्या महिन्यात भाईंदरच्या बाजारात जोविता भेटली. आता ती गावाजवळच्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते, पेशंटचे केसपेपर बनवते. बरोबर पुतणी होती, बारावी झालेली. जोविताला मला बघून आनंद झाला. खराखुरा. म्हणाली, ‘ताई, हिला कॉम्प्युटरला जायचंय. मी सांगते, नको गं, आपल्याकडून ते होत नाही. आपल्या एका चुकीने माणूस जातो. तुम्हीच समजवा हिला.’

आपल्याकडून. ती ‘माझ्याकडून’ म्हणाली असती तर मी कदाचित तेव्हाही गिळलं असतं. पण ती मुलगी माझ्याकडे बघत होती, हिरमुसून, आणि तिच्या आत्याच्या तोंडून माझं खोटं तिच्यात उतरत होतं. मला राग आला. जोविताचा — इतका विश्वास का ठेवावा माणसाने? माझा. सगळ्याचाच. मी म्हटलं, ‘बघू, बोलू आपण,’ आणि कोथिंबीर न घेताच घरी आले.

रविवारी उत्तनला गेले. नवऱ्याला सांगितलं, एका मैत्रिणीकडे जातेय. जोविताने दार उघडलं, ‘ताई, तुम्ही? या ना!’ आतल्या खोलीत तिचा बाप पाय लांब करून बसला होता. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. काढलं, पत्रा वाजला, परत घातलं, पुसलं, तुला खोटं सांगितलं. तयारी करून गेले होते. सगळं त्याच क्रमाने बाहेर आलं.

ती रडली नाही. ओरडली नाही. तिने एकच विचारलं. प्रोग्रॅमरच विचारेल, असं.

‘परत का घातलंत?’

‘पकडली जाऊ नये म्हणून.’

‘मला वाटलं तुम्ही म्हणाल, मेसेज पुन्हा चालू व्हावेत म्हणून.’

‘नाही.’

तिने ती फट माझ्यासाठी ठेवली होती का? मुद्दाम? मला माहीत नाही. असेल तर मी त्या फटीतून गेले नाही, एवढं मात्र केलं.

‘जा तुम्ही,’ ती म्हणाली. ताई म्हणाली नाही.

मी चपला घालत होते तेव्हा आतून तिचा आवाज आला. तिच्या घरच्या बोलीत.

‘बापा, ती वळ बरोबर व्हती.’

‘कंची वळ?’ बाप म्हणाला.

त्याला माहीतच नव्हतं. त्याने तिला कधी दोष दिलाच नव्हता, त्यामुळे कुठली ओळ, कसली ओळ, त्याला काय ठाऊक? ती ओळ फक्त तिच्या डोक्यात होती. इतकी वर्षं. मी तिथे ठेवलेली. ती त्याला पहिल्यापासून सांगायला लागली, आणि सांगताना तिचा आवाज चढत गेला. मी बसस्टॉपकडे चालायला लागले.

हलकं वाटलं का? नाही. हलकं वाटावं म्हणून गेले नव्हते. ती मला माफ करणार नाही, आणि तिने करू नये. पुतणीचं काय ठरलं ते मी विचारलेलं नाही; तो हक्क माझा नाही.

माझं नाव अनघा. जुनं व्हर्जन मी काढलं. वारा मी ऐकला. मशीनचा काही दोष नव्हता, व्हर्जनचाही नाही, आणि जोविताचा तर नाहीच.